पाकोळ्यांची दुसरी पिढी

सांगली,
ता. १२ फेब्रुवारी १९७४

राहीअक्का,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा नमस्कार. पत्र बघून म्हणशील, वर्षभर तोंड न दाखवणारा नाथा आज कसा जागा झाला. खरं सांगतो, काम आहे म्हणून लिहितोय. भाऊबीज चुकली ती चुकलीच, येत्या दिवाळीला वसूल कर.

इथल्या कीड-प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, पण कवठे महांकाळला आपल्या घरी मात्र अजून असंच सांगतात की नाथा सांगलीला किडे पाळतो. खोटं नाही ते. सध्या मी बटाट्याचे पतंग पाळतोय. तुम्ही पाकोळी म्हणता तीच ती करडी, बारीक. बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालते आणि अळी आत शिरून पोखरते. तुमचा रब्बीचा बटाटा आता निघाला असेल. बियाणं पावसाळ्यातल्या लागणीपर्यंत टिकवायचं म्हणजे या पाकोळीशीच गाठ.

आम्ही काय करतो, हिचे नर वेगळे काढतो आणि कोषात असतानाच मुंबईला नेऊन त्यांना गॅमा किरण देतो. नर मरत नाही. उडतो, खातोपितो, मादीमागं लागतो. पण त्याचा वंश वाढत नाही. असे पुष्कळ नर एका खोलीत सोडले की तिथल्या मादीला चांगला नर सापडणंच मुश्कील. पावडर नको, फवारा नको.

प्रयोगशाळेत हे जमतं, कारण इथं उंदीर नाहीत आणि सासवाही नाहीत. साहेबांना आता गावातलं खरं घर हवंय. तुझ्या बियाण्याच्या खोलीला खिडकी एकच आहे, तिला मच्छरदाणीचं कापड ठोकलं की झालं. सासूबाईंना, तुझ्या आत्याबाईंना, विचार. दाजींची काही खबर?

तुझा,
नाथाजी


रहिमतपूर,
ता. २६ फेब्रुवारी १९७४

नाथा,

काम असल्यावर का होईना, आठवण झाली, हे काय कमी आहे? कवठ्याला माझ्या आईला पत्र टाकतोस ना? तिच्या गुडघ्याचं विचारत जा.

तुझे दाजी पलटणीबरोबर जम्मूकडे आहेत. मे महिन्यात रजा मिळेल असं लिहिलंय. घरात आम्ही दोघीच, आत्याबाई आणि मी. त्यांना मी सांगितलं की सरकारी औषध आहे, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर हो म्हणाल्या. पण सगळं बियाणं तुझ्या हवाली करायला तयार नाहीत. निम्मं खोलीत ठेवलंय आणि निम्म्याची अंगणात चिंचेखाली आरण लावलीय, म्हणजे ढीग रचून वर उसाचा पाला. त्यावर नेहमीची पांढरी पावडर मारली. कुणाचं खरं ठरतं बघू, तुझं की आत्याबाईंचं.

बियाणं खोलीत ठेवायला जरा उशीर झाला. तुला ठाऊक नसेल, आमच्या वस्तीवर बियाण्याला पहिला हात लेकुरवाळीचा लागतो. शेजारच्या सुलाबाईंना बोलावणं धाडलं होतं. त्या येईपर्यंत बटाटा अंगणात आणि मी उंबऱ्याबाहेर. काढला मी, निवडला मी, पण पहिली बुट्टी ओतली त्यांनी. सुलाबाई भल्या आहेत, त्यांनाच ओशाळल्यागत झालं. असू दे.

खिडकीला कापड ठोकलंय. पाठव तुझे जावई.

राही


सांगली,
ता. १८ मार्च १९७४

अक्का,

उद्याच्या एस.टी.नं डबा येईल. कंडक्टर ओळखीचा आहे, रहिमतपूरच्या स्टँडवर तुझ्याच हातात देईल. आत भुशात कोष आहेत. डबा खोलीत ठेवून झाकण काढायचं आणि दार लावून घ्यायचं, एवढंच. दोन-चार दिवसांत पाकोळ्या उडायला लागतील. ‘फुकटचे पाहुणे’ म्हणून हाकलू नकोस.

कुणी कुतूहलानं डबा उघडू नये म्हणून झाकणावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवलंय. साहेबांनी ‘वंध्य नर’ लिहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ते कुणाला कळणार? ‘वांझ नर, हात लावू नये’ असं साध्या भाषेत लिहिलं. गावात काम करायचं तर गावाच्या भाषेत लिहावं, हे मी साहेबांना पटवून दिलं बघ.

काय काय दिसतं ते सवडीनं कळव.

नाथाजी


रहिमतपूर,
ता. ३० मार्च १९७४

नाथा,

डबा मिळाला. तुझ्या कंडक्टरनं तो माझ्या हातात द्यायच्या आधी स्टँडवरच्या सगळ्यांना वाचून दाखवला. “वांझ नर! आता ह्ये कसलं पार्सल म्हनायचं, बाई?” बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “नर कवा वांझ आसतोय व्हय? वांझ ती बाईच.” बाजाराचा दिवस होता, माणसं पुष्कळ होती. सगळी हसली. मी डबा घेतला आणि वस्तीपर्यंत चालत आले.

माझ्या आधी बातमी घरी पोचली. आमच्या भावकीतला अर्जुना सायकलवर होता, त्यानं सांगितली. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. असली वस्तू बियाण्याजवळ न्यायची नाही म्हणाल्या. आणखीही बोलल्या, ते लिहीत नाही. मी डबा गोठ्यात ठेवला आणि त्या देवळात गेल्यावर झाकणावरचा कागद भिजवून काढून टाकला. मग खोलीत नेला. त्या आल्यावर म्हटलं, सोडल्या पाकोळ्या, आता धरून आणता येत नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. घर कसं शांत होतं.

आता खोलीत गेलं की भिंतीवर बसलेल्या दिसतात. तुझे नर कोणते आणि आधीचे कोणते, मला काही ओळखू येत नाही.

तुला एक-दोन गोष्टी विचारते. नरात दोष आहे हे मादीला कळतं का? आणि अंडी फुटली नाहीत तर बाकीच्या पाकोळ्या दोष कुणाला देत असतील?

राही


सांगली,
ता. ७ एप्रिल १९७४

अक्का,

स्टँडवरचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पुढच्या डब्यावर ‘वंध्य’च लिहीन, म्हणजे कंडक्टर अडखळेल आणि गप्प बसेल.

तुझे प्रश्न साहेबांना वाचून दाखवले. म्हणाले, बाई हुशार आहे, कॉलेजात पाहिजे होती. मी लगेच सांगितलं, माझीच बहीण. तर उत्तर असं, की मादीला काही कळत नाही. तिच्यात काही बिघडलेलं नसतं, ती वेळेवर अंडी घालते. अंडी फुटत नाहीत, त्यात तिचा दोष काडीचा नाही. आणि दोष कुणाला देत असतील म्हणतेस? पाकोळ्यांच्यात भावकी नसते गं, त्यामुळे पंचायत बसत नाही.

आता मुद्द्याचं. खोलीत थोड्या अळ्या दिसतील. घाबरू नकोस आणि पावडर तर मुळीच मारू देऊ नकोस. किरण फार दिले तर नर पुरता निकामी होतो, पण मरतुकडाही होतो, मादी त्याच्याकडं बघत नाही. म्हणून आम्ही बेतानं देतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत बारीक दोरे असतात, आईबापाकडून येणारं सगळं त्यांत असतं. किरणांनी ते तुटतात आणि भलत्याच जागी जुळतात. असा नर थोडीफार पोरं काढतो. पण त्या पोरांत, आणि पोरं म्हणजे बहुतेक नरच निघतात, ते चुकीचे जुळलेले दोरे उतरलेले असतात. दिसायला धडधाकट, पण बापापेक्षाही जास्त निकामी. खरं काम दुसऱ्या पिढीत होतं. मला तर याचं अजून नवल वाटतं.

तेव्हा धीर धर. तुझ्यापाशी तो आहेच.

नाथाजी


रहिमतपूर,
ता. २५ एप्रिल १९७४

नाथा,

अळ्या दिसल्या. डोळ्यांशी काळी घाण दिसायला लागली तशी आत्याबाई पावडरीचं पोतं घेऊन दारात आल्या. मी दार अडवलं. लग्न होऊन आठ वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच आडवी गेले. त्या म्हणाल्या, “वांझंच्या हातानं वांझ किडं सोडल्यावर बियानं तरी कसं ऱ्हाईल?”

हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तू हसत-खेळत लिहितोस, मलाही बरं वाटतं. पण आता लिहिते. तू माझ्या प्रश्नांची उत्तरं पाकोळ्यांपुरती दिलीस. मी पाकोळ्यांचं विचारत नव्हते.

शिराळ्याकडची एक मुलगी बघून ठेवलीय. साळू नाव. पलटणीतल्या माणसाला दुसरी बायको चालत नाही, म्हणून आधी माझी सोडचिठ्ठी व्हायची, मग लग्न. तुझे दाजी रजेवर आले की उरकायचं ठरलंय. त्यांना आत्याबाईंनी कळवलंय. पत्र मीच लिहिलं, घरात लिहिणारं दुसरं आहे कोण? त्यांचं उत्तर आलं त्यात एवढंच होतं, “आल्यावर बघू.”

कवठ्याला आईकडं मी जाऊन राहू शकते, तेवढं घर आहे. पण मला जायचं नाही, नाथा. या रानातला प्रत्येक वाफा मी बांधलाय आणि माझं तुझ्या दाजींवर मन आहे. हे भावाला लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

आत्याबाई म्हणतात, सासऱ्यांना पाच लेकरं झाली, त्यांच्या लेकात दोष येईलच कुठून? आजवर मला यावर बोलता येत नव्हतं. तू लिहिलंस की बापाला पोरं होतात आणि लेकात निघतं. तसं माणसात होतं का? नीट विचार करून सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

राही


सांगली,
ता. २७ एप्रिल १९७४

अक्का,

पत्र दुपारी मिळालं, लगेच लिहायला बसलोय. तुझे प्रश्न मी साहेबांपुढं मिरवले आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. माझी मलाच लाज वाटते. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण तुला उत्तर हवंय.

माणूस आणि पाकोळी एक धरू नकोस. माझ्या पाकोळ्यांचे दोरे आम्ही मुद्दाम तोडले होते. दाजींचे कुणी तोडले नाहीत, त्यांच्या वडिलांचेही नाहीत. तेव्हा खोलीत जे दिसेल त्यावरून दाजींबद्दल काहीच ठरत नाही. हे त्यांना सांगतानाही लक्षात ठेव, नाहीतर ते म्हणतील नाथानं मला किड्यात काढलं.

पण तू मूळ जे विचारलंस त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे. बापाला पाच असोत की दहा, लेकात दोष असू शकतो. जन्मतः असतो किंवा एखाद्या आजारानं पुढं येतो. बाहेरून कळत नाही, माणूस पैलवान असला तरी. तो तुझ्यातही असू शकेल. कदाचित दोघांतही नसेल. तपासल्याशिवाय कुणाला बोलायचा हक्क नाही, आत्याबाईंना नाही आणि मलाही नाही.

मिरजेला तपासणी होते. पुरुषाची तर अगदी सोपी, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी रोज पाकोळ्यांची बघतो तसंच. दोघंही माझ्याकडं या, मी बरोबर येतो. दाजींना मी लिहू का? तू सांगशील तसं करतो. आणि अक्का, काहीही निघालं तरी कवठ्याचं घर तुझं आहे आणि सांगलीची ही खोलीही तुझीच.

नाथाजी


रहिमतपूर,
ता. ९ जून १९७४

नाथा,

रेल्वेच्या संपात सगळंच अडकलं. मुंबईहून यायचा तुझा दुसरा डबा आला नाही आणि तुझे दाजीही. गाड्या सुरू झाल्यावर एक तारखेला, शनिवारी आले. दाजींना तू लिहू नकोस असं मी मधे कळवलं होतं ते बरं झालं. मीच बोलले.

आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या. मी तुझ्या दाजींना बियाण्याच्या खोलीत नेलं. आधी बटाटा दाखवला. त्या अळ्यांच्या पाकोळ्या झाल्या, उडाल्या आणि तेवढ्यावरच थांबलं बघ. आता नवा पोखरलेला बटाटा शोधावा लागतो. अगदी नाहीच असं नाही, पण अंगणातल्या आरणीपुढं ही खोली म्हणजे सोनं. पावडर मारूनही आरण पोखरलीय, जवळ गेलं की वास येतो. ते खूश झाले, म्हणाले नाथाजी मोठा माणूस होणार. मग मी दार ओढून घेतलं आणि बाकीचं सांगितलं.

ते म्हणाले, “म्हंजी माझ्यात खोट हाय म्हनतीस?”

मी म्हटलं, “म्या तसं म्हनत न्हाई. आवं, माझ्यात हाय आसं समदी म्हनत्यात, त्येबी कुनी बगितल्यालं न्हाई.”

त्यांनी हातातला बटाटा ढिगावर ठेवला आणि निघून गेले. दोन दिवस घरात जेवायलाही धड बसले नाहीत. तालमीपाशी बसायचे, अंधार पडल्यावर यायचे. मला वाटलं, झालं, माझ्या हातानं मी संपवलं. बांगड्या, दोन लुगडी, आईचं भांडं, सगळं एका पेटीत भरून ठेवलं होतं. काल सकाळी वैरण टाकत होते तर मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, “सांगलीची गाडी कवा हाय? आईला सांग, नाथाजीकडं जातुया. काय कशाला म्हून सांगू नगंस.”

बुधवारी येतो. मला भीती वाटते. माझ्यात निघालं तर निदान भांडण मिटेल, असंही मनात येतं.

राही


सांगली,
ता. २० जून १९७४

ति. सयाजी दाजींस,

तुम्ही दोघं परत गेल्यावर आज मिरजेला जाऊन डॉक्टरांकडून कागद आणले. आडपडदा न ठेवता लिहितो, तुम्हाला तेच आवडेल. अक्काच्या तपासणीत काही दोष निघाला नाही. तुमच्या तपासणीत निघाला. मूल होण्यासाठी पुरुषाकडून जे लागतं ते तुमच्यात जवळजवळ नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाचा उपयोग होईल अशी आशा दाखवणार नाही.

तुम्ही स्टँडवर मला विचारलं होतंत, वायरलेसच्या गाडीवर काही वर्षं काढली, त्यानं झालं का? मी डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले. आम्ही पाकोळ्यांना देतो ते किरण वेगळे. भरतीच्या वर्षी तुम्हाला गालफुगी झाली होती आणि बरेच दिवस ताप उतरला नव्हता, त्यावर त्यांचा संशय आहे. मोठेपणी होणाऱ्या गालफुगीनं असं होतं. पण खात्रीनं सांगता येत नाही. दाजी, यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि तुमच्या मर्दपणाला काही उणंही आलेलं नाही. मी धाकटा, मी हे सांगणं शोभत नाही, तरी सांगतो.

हे पाकीट तुमच्या नावानं टाकलंय. अक्काला मी काहीही कळवलेलं नाही. कळवावं असं फार वाटलं, ती माझी बहीण आहे. पण तिनं हे तुमच्याच तोंडून ऐकायला हवं.

येत्या रविवारी आत्याबाई तुम्हाला घेऊन शिराळ्याला जाणार आहेत, असं अक्का म्हणत होती. तिथली मुलगीही कुणाची तरी बहीण असेल. बाकी तुम्ही जाणते आहात.

आपला,
नाथाजी


पुणे स्टेशन,
ता. १ जुलै १९७४

नाथाजी पाव्हणं, राम राम.

छुट्टी संपली. जम्मूकडं जाणाऱ्या गाडीला टाइम आहे म्हणून फलाटावर बसून लिहितो. तुमच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घ्या.

तुमचं पत्र मिळालं. वाचलं आणि फाडून टाकावं वाटलं. फाडलं नाही, खिशात घालून फिरलो. राहीला बोललो नाही. ती विचारत नव्हती, नुसती बघायची. खोटं कशाला लिहू, गप्प बसावं असं मनात आलं होतं. छुट्टी संपेल, मी पलटणीत जाईन, मागं काय व्हायचं ते होईल. मला कोण विचारणार होतं?

रविवारी आई, दादासो चुलता आणि मी शिराळ्याला गेलो. पोरगी चहा घेऊन आली. वीसएक वर्षांची असेल. कपबशी देताना चहा बशीत सांडला तशी ती पदरानं बशी पुसू लागली. तिचा बाप आप्पासो म्हणाला, “आमची साळू नशिबाची. पयलीत खोट निगाली म्हून तर तिला आसलं घर मिळतंया.”

पाव्हणं, मी बशी खाली ठेवली. म्हटलं, “खोट पयलीत न्हाई. माझ्यात हाय. मिरजंच्या डाक्टरनं तपासून सांगितलंया. तुमची पोरगी आमी नेली तर चार वर्सांनी तिलाबी वांझच म्हनत्याल आन् तिच्या जागी आनिक कुनाची तरी बगाया जात्याल. मला ह्ये करायचं न्हाई.”

दादासो चुलत्यानं टोपी काढून पुन्हा घातली. आम्ही उठलो. एस.टी.त आई माझ्याजवळ बसली नाही, बायकांच्या बाकावर जाऊन बसली.

घरी गेल्या गेल्या राहीला सांगितलं. ती म्हणाली, “शिराळ्यात सांगितलंसा? समद्यांम्होरं?” मी व्हय म्हटलं. ती खाली बसली. मग उठून मला वाढलं आणि स्वतःचंही ताट माझ्यासमोर घेतलं.

आईशी बोलायचं राहिलं. निघताना पाया पडलो तर तोंड फिरवून बसली. मी आता दिवाळीशिवाय येत नाही. तुमचं येणं झालं तर तिच्याजवळ बसा जरा. गाडी लागली.

सयाजी


रहिमतपूर,
ता. १६ जुलै १९७४

नाथा,

तुझ्या साहेबांना सांग, बटाट्याची लागण झाली. खोलीतलं बियाणं चांगलं निघालं. आरणीतलं बरंचसं फेकावं लागलं, तेवढी भर बाहेरून घातली. पुढच्या वर्षी सगळंच खोलीत ठेवायचं असं आत्याबाईच म्हणाल्या, तेवढं एकच वाक्य. तुझे दाजी गेल्यापासून त्या घरात असून नसल्यासारख्या होत्या. आज सकाळी आपणहून म्हणाल्या, तुझ्या भावाला पत्र लिहायचंय. सांगेन तसंच लिहायचं, माझ्या शहाणपणाचं त्यात काही घालायचं नाही. तेव्हा इथून पुढं त्या सांगताहेत.

नाथा, बाबा, तू शिकल्याला हाईस, म्या अडानी. सयाजीचं तू कळीवलंस ते खरं हाय का? दवाखान्यात लय मानसं येत्यात, कागूद दुसऱ्याचा आसंल. एकडाव जाऊन बगून ये. तुला जायाचं-यायाचं काय लागंल ते म्या दीन.

आन् खरंच आसंल तर मला एवडं सांग. सयाजी पोटात हुता तवा दुस्काळ पडल्याला. मिळंल त्यो पाला म्या शिजवून खाल्ला. त्यानं झालं आसंल का? त्येला गालफुगी झाली तवा पलटनीतनं पत्र आल्यालं. मला जायाचं हुतं, पर मला कोन नेनार एवडं लांब? म्या जवळ आस्ते, गाल शेकलं आस्तं, तर टळलं आस्तं का? तुज्या पाकोळ्यांचं राही सांगत हुती, वरनं धड दिसत्यात आन् आतनं मोडल्यालं पोरांत निगतं. मग माझ्यातच काय मोडल्यालं हुतं का? पाच लेकरं झाली म्हून म्या मिरवत हुते. काय ते खरं सांग, मला राग न्हाई यायाचा. आठ वर्सं म्या ह्या पोरीला...

नाथा, इथं त्या थांबल्या. पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. तेवढं वाक्य खोडू का म्हणून विचारलं, तर मानेनंच नको म्हणाल्या.

मला वाटायचं, एक दिवस हे सगळं त्यांना कळेल आणि त्या दिवशी माझा जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. त्या स्वतःचीच झडती घेत होत्या, काय खाल्लं, कुठं चुकलं, कुठं जायचं राहिलं. आणि ती झडती माझ्या फार ओळखीची होती. मला ते ऐकवेना. मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

म्हटलं, “आत्याबाई, ह्ये नाथाला इचारायला नगं. तुमचं काय बी चुकल्यालं न्हाई. ह्येचं उत्तर मला ठावं हाय.”

त्या म्हणाल्या, “तुला गं कसं ठावं?”

मी म्हटलं, “आठ वर्सं ‘माझं काय चुकलं’ ह्याबिगार दुसरा इचारच केला न्हाई म्या.”

तुझी,
राहीअक्का